भाचा दोन

“काल तू लिहिलेलं वाचून मी इतकी हसले रे, की शेजारीण दार वाजवून विचारायला आली,” आत्या फोनवर म्हणाली, आणि एका हातात टॉर्च, खांद्याशी दाबलेला फोन अशा अवस्थेत मोटरघरात उभ्या असलेल्या त्यानं ‘हं’ म्हटलं. हं हे त्याचं फोनवरचं नेहमीचं उत्तर. आनंदाच्या बातमीला आखूड हं, दुःखाच्या बातमीला जरा लांबवलेलं. गच्चीवरच्या त्या कोंदट खोलीत लिफ्टची मोटर नुकतीच थांबली होती, तापलेल्या ग्रीसचा वास येत होता आणि मेकॅनिक त्याच्या सहीची वाट बघत भिंतीला टेकला होता. तो लिफ्टचा तपासनीस. दोर किती झिजलेत, ब्रेक वेळेवर पकडतो का, माणसं जास्त झाली की घंटा वाजते का, हे बघून लिफ्टच्या आत लावायच्या दाखल्यावर सही करणं हे त्याचं काम. शहरातली कितीतरी माणसं त्या सहीच्या भरवशावर वर-खाली करायची आणि त्यातल्या एकानंही ती कधी वाचली नव्हती. हं म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की काल आपण आत्याला काहीच लिहिलेलं नाही. काल नाही, परवा नाही, आणि खरं सांगायचं तर शेवटचं कधी लिहिलं तेही आठवेना. “आणि तू मागितलेला तो आकडा अजून आला नाही बरं का,” आत्या पुढे म्हणाली, “आला की लगेच पाठवते. तुझी अडचण नको व्हायला.”

“कुठला आकडा?” तो इतक्या जोरात ओरडला, की मेकॅनिक भिंतीपासून सुटा झाला. “आत्या, ऐक! मी काही मागितलेलं नाही. तो मी नाहीच. तो चोर आहे! तो आकडा कुणालाही द्यायचा नाही, आत्ताच्या आत्ता सगळं बंद कर, नाही, थांब, बंद करू नकोस, आधी मी सांगतो तसं कर...” मग आत्याचा आवाज आला, पण तो घरातला नव्हता. तो तिचा नोकरीतला आवाज होता, इस्त्री केलेला. “क्षमा करा,” ती म्हणाली, “आपली ओळख पटत नाही.” आणि फोन ठेवला. त्यानं लगेच पुन्हा लावला, पुन्हा लावला, आणि तिसऱ्यांदा लावताना त्याला उमगलं की आत्यानं आपला नंबर अडवून टाकलाय. कसा अडवायचा हे तिला शिकवलं होतं त्यानंच.

मेकॅनिक म्हणाला, “साहेब, सही?” तो म्हणाला, “उद्या.” घाईत सही करायची नाही हा त्याचा नियम होता. आणि ज्या लिफ्टवर सही केली नाही त्या लिफ्टनं तो उतरणार तरी कसा, म्हणून सगळे मजले जिन्यानं धावत उतरला. मागून मेकॅनिक रिकाम्या लिफ्टमधून आरामात खाली आला आणि दारात त्याच्याआधी हजर होता.

बस मिळाली, खिडकीही मिळाली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. तो आकडा काय उघडतो हे त्याला पुरतं ठाऊक होतं. चोरानं कुठेतरी बसून आत्याच्या नावानं तिच्या खात्यात शिरायचं, आत्याच्या फोनवर खात्रीसाठी आकडा जायचा, आत्यानं तो विश्वासानं चोराला सांगायचा, आणि मग आत्याचं सगळं त्याचं: पेन्शन, फोटो, जन्मभर जोडलेल्या माणसांचे पत्ते, आणि त्या माणसांना आत्याच्या नावानं हवं ते लिहायची सोय. हे तो घरीदारी सांगत आला होता. फोनच्या कॅमेऱ्यावर तो जखमेची पट्टी चिकटवायचा. त्याचे पासवर्ड इतके अवघड असत, की ते आठवेपर्यंत चहा गार व्हायचा. बसमध्ये शेजारचा कुणी फोनचं कुलूप उघडू लागला, की हा मान अशी दुसरीकडे वळवायचा की तो बिचारा ओशाळायचा. आत्तासुद्धा पुढच्या बाकावरची एक बाई फोनवर कुणाला तरी आपली जन्मतारीख खणखणीत आवाजात सांगत होती आणि अख्खी बस ती ऐकत होती. एरवी त्यानं पुढे वाकून तिला चार शब्द सुनावले असते, पण आज त्याचं तोंड उघडेना. त्याच्याच घरात चोर शिरला होता, आणि कुठून शिरला तेही आता त्याला स्पष्ट दिसत होतं. दर थोड्या वर्षांनी त्याला संशय यायचा, की आपला नंबर, आपलं खातं कुणाकुणाच्या हाती लागलंय. मग तो नवा नंबर घ्यायचा, नवं खातं उघडायचा, आणि सुरक्षित झाल्याच्या आनंदात जुनं खातं तसंच टाकून द्यायचा. पुढच्या दाराला तीन कुलपं आणि मागच्या तीन घरांची दारं सताड उघडी. आत्यानं आपल्या फोनमध्ये ती सगळी घरं नीट नावानिशी लावून ठेवली होती: भाचा एक, भाचा दोन, भाचा नवा, भाचा खरा नवा. “अगं, जुने काढून टाक ना,” तो एकदा वैतागून म्हणाला होता. “राहू दे,” आत्या म्हणाली, “फोन करायला खरा नवा, लिहायला दोन. दोनच्या फोटोत तुझे केस आहेत.”

म्हणजे भाचा दोन. केस असलेला. कुणीतरी त्या टाकलेल्या खात्यात शिरलं होतं, तिथली जुनी बोलणी वाचली होती, आत्या त्याला ढब्बू म्हणते हेही त्याला कळलं असणार. हे मनात आल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पेन्शनचं राहू दे, पण ढब्बू? आता तो हाडकुळा, चष्मा लावणारा, पन्नाशीचा गृहस्थ होता. जगात एकच बाई त्याला ढब्बू म्हणायची, आणि आता एक अनोळखी माणूस त्या नावाखाली बसून मजेत गप्पा मारत होता.

बायकोचा फोन आला. त्यानं सगळं सांगितलं, दबक्या आवाजात, तोंडावर हात धरून. ती आधी घाबरली, आणि मग तिला हसू आलं. “तरीच!” ती म्हणाली. “आत्या मला परवा म्हणाल्या, तुझा नवरा हल्ली किती प्रेमानं विचारपूस करतो गं, पूर्वी असा नव्हता. मी म्हटलं, कोण, हा?” “मग तेव्हाच मला का नाही सांगितलंस?” “सांगितलं की! तू पेपर वाचत होतास. म्हणालास, बोलायला काय जातं.” हो, तो असंच म्हणाला होता. त्याला ते शब्द आठवले, आणि ते म्हणताना वाटलेलं समाधानही आठवलं. आत्या आपल्यावर खूश आहे, का खूश आहे याची चौकशी कशाला करा? न लिहिलेल्या शब्दांचं कौतुक त्यानं बिनदिक्कत खिशात घातलं होतं. लिफ्टचा एकेक स्क्रू वाजवून बघणाऱ्या माणसाला एवढी मोठी गोष्ट आपोआप चाललेली दिसली आणि त्यानं साधा टॉर्चसुद्धा मारला नाही. “ऐक ना,” बायको म्हणाली, “तो चोर सापडलाच, तर त्याला विचार, माझ्याशीही बोलेल का थोडं.” “चेष्टा सुचतेय तुला!” “चेष्टा नाही रे. निदान काय लिहितो ते तरी बघ. शिकण्यासारखं असेल.” आणि तिनं हसत हसत, पण “पोचलास की लगेच कळव, मला धाकधूक लागलीय” असं बजावून फोन ठेवला.

काय लिहीत असेल? त्याला उगाच एक खोली दिसू लागली, कुठल्याशा शहरातली, ट्यूबलाइटची, आणि तिथे बसलेला एक माणूस. त्याच्यापुढे अनेक आत्या असणार, माम्या असणार, काका असणार. सकाळी आल्यावर तो पाणी पीत असेल आणि मग एकेकीला विचारत असेल, झोप लागली का, औषध घेतलं का. त्यातली एखादी मनापासून मोठं उत्तर लिहीत असेल, आणि त्याला ते सगळं वाचावं लागत असेल, लक्षात ठेवावं लागत असेल, कारण उद्या चुकून चालणार नाही. मेहनत आहे, त्याच्या मनात आलं, आणि लगेच आपण चोराच्या मेहनतीचं कौतुक करतोय हे कळून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पण राग चोराच्या अंगाला नीट चिकटेना. तो घसरून पुन्हापुन्हा ह्याच्याच पायाशी येऊन पडायचा. हसवलं कसं असेल त्यानं तिला? शेजारीण दार वाजवेपर्यंत? आपण आत्याला शेवटचं कधी हसवलं? लहानपणी तो तिला हसवायचा, हे त्याला पक्कं आठवत होतं. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. शाळेला सुट्टी असली की ती त्याला बरोबर न्यायची, आणि तो तिच्या खुर्चीमागे स्टुलावर बसून त्या लांबलचक खोलीकडे बघत राहायचा. ओळीनं बसलेल्या बाया, कानांना यंत्रं लावलेली, समोर भोकांची भिंत, हात सारखे चाललेले, तारा इथून उपसून तिथे खोवल्या जात, आणि सगळ्या एकाच सुरात ‘बोला’ म्हणत. आत्याच्या केसांत त्या यंत्राच्या पट्टीची खूण घरी आल्यावरही दिसायची. ज्या सुट्टीला ती बरोबर नेत नसे, तेव्हा हा शेजाऱ्यांच्या फोनवरून एक्स्चेंजला फोन लावायचा, आणि आत्या लागेपर्यंत ठेवायचा नि पुन्हा लावायचा. आत्या ‘बोला’ म्हणाली की गप्प बसायचा, नुसता श्वास घेत. क्षणभर थांबून ती त्याच इस्त्रीच्या आवाजात म्हणायची, “ढब्बू, फोन ठेव आणि दूध पी.” आणि मागे तिच्या मैत्रिणी हसायच्या. नुसत्या श्वासावरून ओळखणाऱ्या बाईला त्यानं गेल्या वर्षी एका दुपारी समोर बसवून धडे दिले होते: जो घाई करतो तो चोर, जो घाबरवतो तो चोर, आणि आवाजावर मुळीच जायचं नाही, हल्ली आवाजसुद्धा हुबेहूब बनवतात, तोंडंसुद्धा. पहिल्या दोन्हींना आत्यानं मान डोलावली. तिसऱ्याला ती म्हणाली, “माझा जन्म गेला रे आवाजात.” “तुझा काळ वेगळा होता,” तो म्हणाला होता. आणि आज मोटरघरातून त्यानं एका दमात घाई केली, घाबरवलं, आणि वर आपल्या आवाजावर विसंबला. चोरानं मात्र, बहुधा, सावकाश, गोड आणि लेखी काम केलं होतं.

आत्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. जिना चढताना आपण इथे शेवटचं कधी आलो याचा हिशेब त्यानं मुद्दाम टाळला. दाराच्या आत साखळी होती; तीही त्यानंच बसवलेली, चांगली जाड. त्यानं घंटा वाजवली. पावलांचा आवाज आला, थांबला. दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीत आत्याचा अर्धा चेहरा दिसला. तो त्याला जरा वाळल्यासारखा वाटला, पण अर्ध्याच चेहऱ्यावरून काय सांगणार.

“कोण?”

“मी, आत्या! तो आकडा पाठवलास का?”

“आकडा आला मघाशी. पाठवला की नाही ते कुणाला सांगायचं, हे मी ठरवीन. आधी तू कोण ते ठरू दे.”

“अगं मी ढब्बू!”

“ढब्बू त्यालाही माहीत आहे.”

“पण तोंड बघ ना माझं! समोर उभा आहे मी.”

“तोंडंही बनवतात म्हणाला होतास.”

“ती फोनमध्ये, आत्या! दारात आणून उभी नाही करत.”

“आज नाही करत,” आत्या म्हणाली. “उद्याचं कुणी सांगावं?” फटीतला डोळा हसतोय की खरंच तपासतोय हे त्याला कळेना. आयुष्यभर इतरांना दाराबाहेर ताटकळत ठेवणारा माणूस आज दाराबाहेर होता, आणि आपण आपणच आहोत हे दाखवायला त्याच्यापाशी काही नव्हतं. खिशातलं ओळखपत्र तर कुणीही छापून घेईल असलं, ते त्यालाच पटण्यासारखं नव्हतं. “विचार,” तो म्हणाला, “काय हवं ते विचार. आजोबांचं नाव, जुन्या घराचा रंग, तुझ्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी...”

“ते सगळं आपण लिहिलंय त्या जुन्या खात्यात. त्यानं वाचलंय.” साखळी किंचित किणकिणली. मग आत्यानं विचारलं, “मागच्या महिन्यात मी आठवडाभर कुठे होते?”

तो आठवू लागला. मनात सगळीकडे टॉर्च मारून बघितला. मागच्या महिन्यात. कुणाचं लग्न होतं का? मैत्रिणींबरोबर सहल? बायको काही म्हणाली होती का, पेपर वाचताना? “घरीच,” तो म्हणाला, आणि मग म्हणाला, “नाही. मैत्रिणीकडे?” आणि मग त्याला स्वतःचाच आवाज ऐकवेना. “मला माहीत नाही, आत्या. कुठे गेली होतीस?”

“दवाखान्यात,” आत्या म्हणाली. “पित्ताशय काढलं.”

“काय?” तो दारावर आदळलाच. “ऑपरेशन झालं तुझं? आणि मला कळवलं नाहीस? मी मेलो होतो का? एकटीच गेलीस? कोण होतं जवळ?”

“शेजारीण होती. आणि कळवलं होतं की. भाचा दोनला.” साखळी सरकली. “त्यानं रोज विचारलं. टाक्यांचं, तापाचं, खाण्यापिण्याचं. त्याला सगळं पाठ आहे. ये आत. तूच आहेस.”

आत आल्यावर काय करावं ते त्याला सुचेना. त्यानं आत्याचा हात धरला आणि तो सोडवेना, मग त्याला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही. आत्यानं त्याला रडू दिलं. मग पदरानं त्याचा चष्मा पुसून परत त्याच्या नाकावर ठेवला. “आकडा नाही पाठवला मी,” ती म्हणाली. “तो घाई करायला लागला कालपासून, लवकर दे, लवकर दे. मग आज तूही किंचाळत आलास. म्हटलं, दोघांनाही थांबवून ठेवू. लाइनवर दोघंजण आपणच खरे म्हणायला लागले, की दोघांनाही थांबवायचं. नोकरीत कुणाचा नंबर कुणाला दिला नाही, आता म्हातारपणी देऊ?” आणि ती हसली, तेच जुनं हसू, मागून मैत्रिणी ऐकताहेत असं. त्यालाही रडता रडता हसू फुटलं. त्यानं बायकोला दोन शब्द कळवले. मग आत्याचा फोन मांडीवर घेऊन तो कामाला लागला. भाचा एक गेला, भाचा नवा गेला. भाचा दोन उघडला तेव्हा खाली खाली बोलणं संपेना. तो वाचत गेला, वाचायचं नव्हतं तरी. आज टाके ओढताहेत का? शेजारणीला सांग, उशी थोडी उंच लाव. एक्स्चेंजमधली मजा सांग ना पुन्हा, ती चुकीच्या नवरदेवाला फोन जोडलेली. आणि आत्याची उत्तरं, लांबच लांब, चुकांसकट, जीव ओतून लिहिलेली. हे सगळं मला लिहिलेलं आहे, त्याच्या मनात आलं, पाकिटावर नाव माझंच आहे आणि फोडून वाचलं दुसऱ्यानंच. एवढ्यात सगळ्यात खाली नवी ओळ उगवली: आत्या, जेवलीस का? त्याखाली लगेच दुसरी: तो आकडा आला का?

त्यानं पहिली ओळ पुन्हा वाचली. मग तक्रार नोंदवली, अडवायचं बटण दाबलं, आणि केस असलेला तो फोटो पडद्यावरून गेला. आत्या बघत होती. काहीतरी गेल्यासारखं तिच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसलं, आणि ते त्याला लागलं. त्यानं फोन पालथा टेबलावर ठेवला. खोलीत आता कुणीच काही विचारत नव्हतं.

“आत्या,” तो म्हणाला, “जेवलीस का?”

आत्यानं त्याच्याकडे मान वाकडी करून पाहिलं. “हे तू विचारतोयस, की वाचून दाखवतोयस?”

“विचारतोय.”

“मग नाही जेवले,” आत्या म्हणाली.